विषयाने उपाशीपोटी यावे

निवृत्त माणसाला घरात कोणी काही विचारत नाही, ही तक्रार मला मान्य नाही. विचारतात. दळण आणलंत का, गॅसचा नंबर लावलात का, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीत, असे दिवसाला वीसेक प्रश्न येतात. फक्त 'तुम्हाला काय होतंय?' हा एक प्रश्न गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारलेला नाही. विचारला की मी पित्तापासून सुरुवात करतो आणि डाव्या टाचेपर्यंत यायला मला पाऊण तास लागतो, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं आहे.

त्यामुळे सोसायटीच्या फलकावर, पाणीकपात आणि हरवलेलं मांजर यांच्या मधल्या जागेत, पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या आरोग्य विभागाचा कागद दिसला तेव्हा मी तो दोनदा वाचला. ड जीवनसत्त्व आणि उतारवयातली स्नायूंची ताकद यावर संशोधन होतं. ६० ते ७५ वयाच्या 'साधारण निरोगी' व्यक्ती हव्या होत्या. रक्त तपासणार, हाडं तपासणार, रिक्षाचे पैसे देणार आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारणार.

"साधारण निरोगी म्हणजे काय गं?" मी हिला विचारलं.

"साधारण म्हणजे तुम्ही," कणीक तिंबता तिंबता ही म्हणाली. "निरोगीचं ते बघून घेतील."

"तूही चल की. बायकाही हव्यात असं लिहिलंय."

"मला कुठे वेळ आहे?"

म्हणून मी मेहुण्यांना बरोबर घेतलं. आमचे मेहुणे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलीत त्रुटी काढल्यामुळे त्यांना कुठलाही कागद सरळ दिसत नाही. येण्याआधी त्यांनी क्लिनिकल ट्रायलच्या राष्ट्रीय नोंदवहीत हा अभ्यास शोधून त्याचा क्रमांक वहीत लिहून आणला होता. ही नोंदवही २००७ पासून आहे आणि औषधांच्या चाचण्यांची नोंद तिच्यात करणं १५ जून २००९ पासून सक्तीचं आहे. कोणीही उघडून पाहू शकतो. प्रत्यक्षात पाहतो कोण, तर आमचे मेहुणे.

आरोग्य विभागात एक संशोधक मुलगी होती. डॉक्टरेट करत होती. तिने आमच्या हातात अठरा पानांचं संमतीपत्र ठेवलं आणि म्हणाली, "काका, घाई नाही. घरी नेऊन वाचा, चार लोकांना विचारा." मी बँकेत छत्तीस वर्षं लोकांकडून फुल्या मारलेल्या ठिकाणी सह्या घेतल्या. वाचायला घरी न्या, असं मी एकाही कर्जदाराला म्हटल्याचं आठवत नाही.

संमतीपत्र मूळ इंग्रजीतलं. शब्दावर पैसे घेणाऱ्या कुणीतरी ते मराठीत आणलं असावं, कारण त्यात माझा उल्लेख सगळीकडे 'विषय' असा होता. 'विषयाने तपासणीच्या दिवशी उपाशीपोटी यावे.' 'विषयास मळमळ झाल्यास तातडीने कळवावे.' 'विषयाचा मृत्यू ओढवल्यास वारसांना नुकसानभरपाई देय राहील.' शाळेत मला भूमिती हा विषय होता, बँकेत अर्जाच्या डोक्यावर 'विषय' लिहीत होतो. स्वतः विषय होण्याची ही पहिलीच वेळ. घरी माझा विषय निघाला की लगेच बदलतात. इथे अठरा पानं तोच चालू होता.

त्यातलं एक वाक्य मात्र मी हिला मोठ्याने वाचून दाखवलं. 'विषय कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, माघार घेऊ शकतो.' बँकेत अर्ध्या दिवसाच्या रजेलाही कारण लागायचं, आणि ते दर वेळी नवीन लागायचं. काही इजा झालीच तर उपचार फुकट, हेही लिहिलं होतं, आणि ते त्यांचं औदार्य नव्हे, नियमच तसा आहे.

मेहुण्यांनी पुढच्या भेटीत त्या मुलीची तासभर उलटतपासणी घेतली. क्लिनिकल ट्रायलच्या २०१९ च्या नियमांनुसार, अशा अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात जण लागतात. त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे हवेत. एक बाई हवी, एक कायदा जाणणारा हवा आणि एक चक्क सामान्य माणूस हवा.

"तुमच्या समितीतला सामान्य माणूस कोण?" मेहुण्यांनी विचारलं.

तिने नाव न सांगता सांगितलं की, एक निवृत्त शिक्षक आहेत.

"पुण्यातले?"

"हो."

"मग ते सामान्य कसे?" मेहुणे म्हणाले. या मुद्द्यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचं पान 'दुहेरी अंध' अभ्यासाचं होतं. निम्म्या लोकांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण आत काहीच नसलेली. कोणाला कुठली ते संगणक चिठ्ठ्या टाकून ठरवणार. "आम्हाला सांगणार नाही, म्हणजे एक अंध आम्ही," मेहुणे म्हणाले. "दुसरा कोण?"

"मी," ती मुलगी म्हणाली. "मलाही माहीत नसतं."

इथे मेहुण्यांनी सही केली. ज्याला स्वतःलाच काही माहीत नाही आणि तसं जो कबूल करतो, असा माणूस त्यांना पाटबंधारे खात्यात भेटला नव्हता.

पहिल्या तपासणीला सकाळी साडेसातला आम्ही बाराजण उपाशीपोटी बाकावर बसलो होतो. एकदा रक्त काढलं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज घातलेलं पाणी पाच मिनिटांत प्यायला लावलं. दोन तासांनी पुन्हा रक्त. त्या दोन तासांत उठायचं नाही, चहा नाही. कोपरात कापसाचा बोळा धरून, हात दुमडून बसलेले बारा म्हातारे लांबून पाहिले तर वाटावं, सगळे कशाचातरी निषेध करताहेत. वाचायला भिंतीवर संशोधनाच्या इतिहासाचे तक्ते होते, ते आम्ही पाठ केले.

पहिला तक्ता जेम्स लिंडचा. १७४७ साली 'साल्सबरी' नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर त्याने स्कर्व्ही झालेले बारा खलाशी घेतले आणि त्यांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला सायडर, एकीला व्हिनेगर, एकीला गंधकाम्लाचा अर्क, एकीला लसूण-मोहरी वगैरेंचं चाटण, एकीला समुद्राचं पाणी आणि एका भाग्यवान जोडीला संत्री आणि लिंबू. लिंबूवाले झटपट उठले. त्याची आठवण म्हणून २० मे हा क्लिनिकल ट्रायलचा दिवस पाळतात. आम्हीही बाराच होतो. मेहुण्यांनी मोजून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊजी, आपलं नशीब मला माहीत आहे. आपण समुद्राच्या पाण्याची जोडी."

दुसरा तक्ता हाफकिनचा. मुंबईत प्लेग भडकलेला असताना या माणसाने तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, दुखलं, पण निभावला. मग त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तिथल्या कैद्यांना टोचली. तक्त्यात लिहिलं होतं, 'स्वयंसेवक कैदी'. तुरुंगातली स्वयंसेवा म्हणजे काय, यावर आमच्या बाकावर बराच काथ्याकूट झाला. अठरा पानी संमतीपत्र त्यांच्यानंतर आलं, हे मात्र खरं.

तिसरा तक्ता वाचून मात्र आम्हाला पश्चात्ताप झाला. इंग्लंडमधल्या साल्सबरी गावात (पुन्हा साल्सबरीच! या नावात काहीतरी आहे) १९४६ मध्ये सर्दीचं संशोधन करणारं केंद्र निघालं. तिथे लोक दहा दिवस सुट्टी घालवायला यायचे. राहणं, जेवण, वाचायला पुस्तकं सगळं फुकट, फक्त नाकात सर्दीचे थेंब टाकून घ्यायचे. नवविवाहित जोडपीसुद्धा जायची म्हणे. त्याच तक्त्यावर पुढे होतं, की जर्मनीत कोलोनला २०१९ मध्ये अंतराळवीरांसाठी एक अभ्यास झाला. त्यात साठ दिवस पलंगावरून उठायचं नव्हतं. डोकं पायांपेक्षा सहा अंश खाली. अंघोळसुद्धा आडवं राहून. सगळे मिळून ८९ दिवसांचे १६,५०० युरो. हे मी घरी येऊन कौतुकाने सांगितलं तेव्हा हिने एवढंच विचारलं, "वयाची अट काय आहे?"

हसतोय खरा, पण आम्ही हसू शकतो ते पेन्शन येते म्हणून. एका कंपनीची गोळी दुसऱ्या कंपनीच्या गोळीइतकीच रक्तात उतरते का, हे पाहायच्या चाचण्या आपल्या देशात रोज चालतात. त्यात गोळ्या गिळणारे धडधाकट तरुण बहुधा घरभाड्यासाठी येतात. दोन चाचण्यांमध्ये ठरावीक दिवसांचं अंतर ठेवायचं असतं, आणि हातात पैसे नसलेल्या माणसाला ते अंतर फार मोठं वाटतं. त्यांना कोणी 'हौशी' म्हणणार नाही. आम्ही हौशी.

तर तपासणी. मोजपट्टी कमरेला लावताना माणूस आपोआप उभा राहायला शिकतो. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी, हे तक्त्यावर वाचल्यावर तर मी कवायतीत उभा राहिलो.

"काका, श्वास सोडा."

"सोडला."

"आता पोटही सोडा."

आकडा इथे देण्याचं कारण नाही. मी म्हटलं, वजन तर बेताचंच आहे माझं. त्यावर त्या संशोधक मुलीने पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. ते आणि लंडनचे जॉन युडकिन, दोघेही मधुमेहाचे संशोधक. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचाही २२.३. मोजली तेव्हा युडकिनसाहेबांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२. स्वतःचा फोटो आणि स्वतःची चरबी त्यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात छापून टाकली. याला मी धैर्य म्हणतो. आमच्या सोसायटीत लिफ्टमधल्या वजनाच्या मर्यादेची पाटी वाचतानाही लोक एकमेकांकडे पाहत नाहीत.

"म्हणजे आपण बटाटेवडे," मेहुणे म्हणाले. "वरून कळत नाही. कागदावर ठेवलं की तेल सुटतं."

वर्षभर दर रविवारी एक कॅप्सूल घ्यायची होती. मेहुण्यांनी पहिल्याच महिन्यात शोध लावला की त्यांची खरी आहे आणि माझी खोटी. पुरावे असे: त्यांची पाण्यात बुडते, माझी थोडी तरंगते, त्यांना पर्वतीच्या पायऱ्या चढताना आता दम लागत नाही, मला लागतो. मी दाखवून दिलं की ते पर्वतीवर पूर्वी जातच नव्हते. त्यावर ते म्हणाले, "गोळीमुळेच तर जायला लागलो." अशा माणसाशी वाद घालता येत नाही.

माझी खरी आहे याची मला खात्री होती, कारण मला त्रास होत होता. रोजनिशीत मी नियमाने लिहीत असे: 'रविवार रात्री छातीत जळजळ.' 'सोमवार पहाटे तोंड कडू.' रोजनिशीत शेजारी आणखी एक रकाना होता: 'त्या दिवशी वेगळे काही खाल्ले काय?' आमच्याकडे रविवारी सकाळी मिसळ असते. पण दर रविवारी असते, तेव्हा तिला वेगळं म्हणता येत नाही, या तत्त्वावर मी तो रकाना कोरा ठेवला.

निकाल सांगून टाकतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. वर्ष संपल्यावर, सगळ्यांचे आकडे कुलूपबंद झाल्यावर पत्रं आली. मेहुण्यांची कॅप्सूल खरीच होती. माझी रिकामी. पण पत्राच्या दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की मुठीची ताकद आणि चालण्याचा वेग यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेत याच जीवनसत्त्वाच्या २५,८७१ लोकांवरच्या मोठ्या अभ्यासातही, कर्करोग आणि हृदयविकार टाळण्याच्या बाबतीत, २०१८ मध्ये असंच उत्तर आलं होतं. फरक नाही हेही उत्तरच असतं, असं ती मुलगी म्हणाली. मेहुण्यांना ते पटलेलं नाही. ते अजून पर्वतीवर जातात आणि मुद्दाम माझ्या पुढे चालतात.

मला सांगायचं आहे ते मधल्या एका बुधवारचं.

खाण्याच्या प्रश्नावलीत मी सरळ सरळ खोटं बोलत होतो. वाईट हेतूने नव्हे. समोर मुलगी पेन्सिल घेऊन बसलेली, तिने मोठ्या आस्थेने विचारावं, 'काका, तळलेलं आठवड्यातून किती वेळा?' आणि आपण तिला खरं उत्तर देऊन तिचा चेहरा का उतरवायचा? मी म्हणायचो, एकदा. भात? अर्धी वाटी. आमटी? एक वाटी. सहा महिन्यांनी तिने हिशेब जुळवला तेव्हा माझ्या सांगण्याप्रमाणे मी जेमतेम एका लहान मुलाइतकं खात होतो आणि माझं वजन दोन किलोने वाढलं होतं. चिडली नाही. "काका, मी घरी येऊन वाट्या मोजते," म्हणाली.

बुधवारी सकाळी ती काचेचं मोजपात्र घेऊन आली. "तुमची वाटी कोणती?"

आता मराठी घरात 'वाटी' हे काही एक माप नव्हे. आमच्याकडे हिच्या माहेरून आलेल्या सहा आहेत, कुणाकुणाच्या मुंजीत वाटलेल्या, तळाशी नावं कोरलेल्या आठ-दहा आहेत, सत्यनारायणाच्या आहेत, आणि एक आहे जिचा धनी कोण हे कोणालाच माहीत नाही, पण ती गेली तीस वर्षं आमच्याकडे आहे. मुलीने एकेक वाटी पाण्याने भरून मोजपात्रात ओतली. सर्वांत लहान निघाली ९० मिलिलिटर, सर्वांत मोठी २४०. मी फॉर्मात मोजत होतो लहान वाटीने आणि जेवत होतो मोठीने. माझं अख्खं अर्धं वर्ष तिने तिथल्या तिथे अडीचपटीहून जास्त केलं.

हे चालू असताना ही ओट्यापाशी पोळ्या करत होती. मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही का नाही आलात? बायकांचे फॉर्म फार कमी आहेत. सकाळी साडेसातला येऊन तीन तास बसायला कोणाला जमतं, तर काकांना. सगळे निवृत्त काकाच येतात. आणि आमच्या अहवालात मात्र 'ज्येष्ठ नागरिक' असं लिहायचं."

मग ती सांगू लागली, की १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांच्या चमूने गरोदरपणाच्या आहाराचा अभ्यास सुरू केला तेव्हा बायका येण्याची वाट पाहिली नाही. माणसं महिन्या-महिन्याला त्यांच्या घरी गेली. म्हणून कळलं, की ज्या आया पालेभाजी, दूध, फळं जास्त खात होत्या त्यांची बाळं अंगाने भरलेली होती. त्या बाळांची मोजमापं त्यांना स्वतःला बाळं होईपर्यंत घेतली जात आहेत.

"तर काकू, सहज विचारते. काल दिवसभरात काय काय खाल्लंत?"

"चहा," पोळी उलटत ही म्हणाली.

"किती कप?"

"ह्यांचा गाळून झाला की उरतो तो."

"म्हणजे किती?"

"ते ह्यांच्यावर आहे."

"बरं. नाश्ता?"

"पोहे."

"किती वाट्या?"

"वाटी कशाला खरकटी करायची? कढई घासायचीच असते."

मुलीची पेन्सिल थांबली. फॉर्ममध्ये वाटीचा रकाना होता, डावाचा होता, चमच्याचा होता. तिने पान उलटून मागची बाजू पाहिली.

"दुपारी?"

"परवाची भाकरी होती ती संपवली. आणि आमटी, तळाची."

"आमटी किती?"

"तळाची," ही पुन्हा म्हणाली. यात न समजण्यासारखं काय आहे, असा तिचा सूर होता.

मुलीने थोडा विचार केला. मग ती उठली, ओट्यावरची रिकामी कढई घेतली, तीत पाणी भरलं आणि मोजपात्रात थोडं थोडं ओतून बघू लागली. कढईच्या कडेला चिकटलेले पोहे कसे मोजायचे, हे तिला विद्यापीठात शिकवलेलं दिसत नव्हतं.

"पुढच्या मंगळवारी रक्त द्यायला याल का काकू? फक्त उपाशीपोटी यावं लागेल."

"किती वाजेपर्यंत?"

"साडेदहापर्यंत."

"मग त्यात वेगळं काय?" ही म्हणाली. "तेवढं तर मी रोजच असते."

मी सत्यनारायणाची वाटी पुसत होतो, ती पुसतच राहिलो.

मुलीने पिशवीतून संमतीपत्र काढलं. हिने हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि खुर्चीवर बसली. सकाळच्या दहा वाजता ही खुर्चीवर बसलेली मी बऱ्याच दिवसांनी पाहिली.

"विषय म्हणजे मी का?" तिने पहिल्या पानावर बोट ठेवून विचारलं.

"हो काकू."

"असं," ही म्हणाली, आणि पुढचं पान उलटलं. अठराही पानं वाचल्याशिवाय ती उठणार नाही, हे मला तिसऱ्या पानाशीच कळलं. पाचव्या पानाशी ओट्यावरून करपल्यासारखा वास आला. दूध तापत ठेवलेलं होतं. मी धावलो, पण गॅसचं बटण कुठल्या बाजूला फिरवतात हे आठवेपर्यंत ते उतू गेलं होतं.